आकडे टाकले म्हणजे मेटा-अॅनालिसिस झालं नाही

थीसिसचे दिवस जवळ आले की पीजीच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द दरवेळी थोडे बदलतात, मुद्दे तेच. मेटा-अॅनालिसिसला, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढण्याला, ना रुग्ण लागतात ना वॉर्ड. पंधरा-वीस पेपर उतरवून घ्या, आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाका, बाकी सगळं ते करतं. आय-स्क्वेअर (अभ्यासांच्या निकालांतली तफावत दाखवणारा टक्का) ५० च्या वर गेला तर रँडम इफेक्ट्स (परिणाम अभ्यासागणिक बदलतो असं धरणारं मॉडेल), खाली असेल तर फिक्स्ड (परिणाम सगळीकडे एकच असं धरणारं). पी (औषधाचा परिणाम नसताना केवळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या आत आला की विषय संपला, कारण पुराव्यांच्या उतरंडीत याच्या वर काही नाही. आणि फुकटातलं 'आर' हे सॉफ्टवेअर वापरू नका, जर्नलं घेत नाहीत. विकतच्या एसपीएसएस सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, मिळतो.

मी रेसिडेंट डॉक्टरांच्या कामाची आकडेमोड तपासते. या मजकुरावर विसंबून केलेलं काम माझ्या टेबलावर येतं, आणि उद्या कुणीतरी ते वाचून औषध लिहिणार असतं. म्हणून हे उत्तर.

'आकडे टाका, बाकी सॉफ्टवेअर करतं.' एक आकडा जवळून पाहू. पेपरच्या तक्त्यात लिहिलंय: गरोदर स्त्रिया १००, हिमोग्लोबिन ११.४ ± ०.२. हे ०.२ म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन (एसडी, म्हणजे माणसामाणसांतला फरक) असेल, तर शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणींचं हिमोग्लोबिन ११ ते ११.८ च्या मध्ये बसलं पाहिजे. गरोदर स्त्रियांच्या (एएनसी) ओपीडीत एक सकाळ काढलेला कुणीही सांगेल, असं होत नाही. ते ०.२ म्हणजे स्टँडर्ड एरर, सरासरी किती इकडेतिकडे असू शकते त्याचं माप. त्याला शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने गुणलं की खरं डिव्हिएशन येतं: २. आता तुम्ही एसडीच्या रकान्यात २ ऐवजी ०.२ टाकलंत, तर फिक्स्ड मॉडेलमध्ये एकत्रित निकालातलं त्या अभ्यासाचं वजन शंभर पट होतं, कारण ते एसडीच्या वर्गाच्या उलट चालतं. सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या लेखी ०.२ हा चांगला आकडा आहे. मागे एका विद्यार्थिनीच्या फॉरेस्ट प्लॉटवर (प्रत्येक अभ्यास त्याच्या वजनाएवढ्या चौकोनाने दाखवणारं चित्र) एकच चौकोन ढोल्यासारखा फुगलेला आणि बाकीचे मोहरीएवढे दिसले. संध्याकाळभर शोधल्यावर मूळ पेपरच्या तक्त्याखाली बारीक अक्षरातली ओळ सापडली: आकडे सरासरी आणि स्टँडर्ड एरर. तिने मन लावून काम केलं होतं; ती ओळ वाचायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोघांनी स्वतंत्रपणे आकडे काढून मग ताडून पाहायचे, ही पद्धत याचसाठी आहे.

'आय-स्क्वेअर पाहून मॉडेल ठरवा.' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सलतो, कारण तो वर्गातही शिकवला जातो. हार्ट अॅटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर जीव वाचतात का, हा प्रश्न घ्या. १९९१ मध्ये सात छोट्या चाचण्या एकत्र केल्या गेल्या आणि मृत्यूची शक्यता निम्म्याहून कमी झालेली दिसली. स्वस्त औषध, मोठा फायदा. मग १९९५ मध्ये आयसिस-४ या प्रचंड चाचणीचा निकाल आला. ५८,०५० रुग्ण, आणि फायदा शून्य. आता हे आणि याच प्रश्नावरचे इतर अभ्यास, एकूण सोळा, एकत्र टाका. फिक्स्ड मॉडेल निवडलं तर ऑड्स रेशो (औषध घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या मृत्यूच्या शक्यतेची तुलना; १ म्हणजे फरक नाही) साधारण १.०१ येतो, म्हणजे काही उपयोग नाही. रँडम निवडलं तर साधारण ०.५३, म्हणजे औषध रामबाण. आकडे तेच, सॉफ्टवेअर तेच, बदललं ते फक्त मेनूतलं एक टिकमार्क. कारण सरळ आहे: अभ्यासांत तफावत वाढली की रँडम मॉडेल वजनं सपाट करतं, आणि शंभराच्या आतबाहेर रुग्ण असलेल्या चाचण्यांचा आवाज आयसिस-४ च्या तुलनेत प्रमाणाबाहेर मोठा होतो. त्यात फायदा न दिसलेल्या छोट्या चाचण्या छापल्याच गेल्या नसतील, तर तो आवाज एकाच बाजूचा असतो. इथे 'आय-स्क्वेअर जास्त म्हणून रँडम' हा नियम पाळणारा थेट चुकीच्या उत्तरावर जाऊन पोचतो. मॉडेल प्रश्नावरून ठरतं. सगळ्या अभ्यासांत परिणाम एकच असेल असं मानायचं, की जागा, डोस, रुग्ण बदलले की तोही बदलेल? हे उत्तर आकडे पाहण्याआधी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहायचं असतं. असे आराखडे आधीच नोंदवण्याची प्रॉस्पेरोसारखी ऑनलाइन नोंदणी २०११ पासून त्यासाठीच उघडी आहे.

'पी ०.०५ च्या आत, मग सिद्ध.' कोविडच्या काळातलं आयव्हरमेक्टिन आठवा. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते पाच दिवस देण्याचं जाहीर केलं होतं. आपल्याकडेही घराघरात त्या गोळ्या होत्या. मृत्यू निम्म्याहून कमी होतात असं दाखवणारं एक मेटा-अॅनालिसिस त्याच जुलैत छापून आलं, आणि त्यात इजिप्तमधला एक अभ्यास होता. लंडनच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्याचा मूळ डेटा उघडून पाहिला. मजकूर उचललेला, रुग्णांच्या नोंदी एकमेकींच्या नकला, आणि काही मृत्यू चाचणी सुरू होण्याआधीच्या तारखांचे. त्या अभ्यासाचा प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधी टाकलेला मसुदा, त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तो आणि इतर शंकास्पद अभ्यास वगळून आकडेमोड पुन्हा झाली, तेव्हा जीव वाचवण्याचा फायदा उरला नाही. पहिल्या वेळी सॉफ्टवेअरची बेरीज चुकली नव्हती. तक्त्यातला माणूस जिवंत होता की नाही, हे त्याला विचारता येत नाही.

मेटा-अॅनालिसिसच निरुपयोगी, असं मात्र कुणी यातून काढू नये. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १९९२ मध्ये जुन्या ३३ चाचण्या कालक्रमाने एकेक करून जोडल्या, तेव्हा दिसलं की हे औषध हार्ट अॅटॅकमध्ये जीव वाचवतं, हे १९७३ मध्येच, आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्णांवर कळू शकलं असतं. त्यानंतर आणखी ३४,५४२ रुग्ण चाचण्यांमध्ये घेतले गेले, त्यातल्या अनेकांना ते औषध मिळालं नाही. नीट केलेली बेरीज इतक्या मोलाची असते, म्हणूनच ती घाईत उरकलेली पाहवत नाही.

राहिला 'आर'चा मुद्दा. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे की ते कोणत्याही विशिष्ट सॉफ्टवेअरची सक्ती करत नाहीत. एसपीएसएसमध्ये मेटा-अॅनालिसिसची सोयच २०२१ च्या २८ व्या आवृत्तीत आली. गटांवर फिरणारा क्रॅक त्याआधीचा असेल, तर त्यात तो मेनू सापडणारही नाही. कोडची भीती वाटत असेल तर जामोवी आणि जास्प ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, मेनूवर चालतात. 'आर' शिकायला चार संध्याकाळी जास्त लागतील, पण काय केलं याची ओळ न ओळ मागे राहते. गाईडना, परीक्षकांना, माझ्यासारखीला ती पुन्हा चालवून पाहता येते. मॅग्नेशियमच्या त्या सोळा चाचण्यांचे आकडे 'आर'च्या 'मेटाडॅट' पॅकेजमध्ये तयार ठेवलेले आहेत. 'मेटाफॉर' या 'आर'च्याच दुसऱ्या पॅकेजमध्ये आज रात्री ते एकदा फिक्स्ड आणि एकदा रँडम मॉडेलने चालवा, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तो मजकूर पुन्हा वाचा.