'पॅरनॉइड' हा कामगार वस्तीचा अल्बम आहे

हेवी मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक संगीत, म्हटलं की पुण्यात अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे कवट्या, सैतान, काळे टीशर्ट येतात. नाहीतर मग कॅम्पातली, इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं. मला हे मान्य नाही. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा 'पॅरनॉइड' मी कॉलेजपासून ऐकतोय, पण तो खरा कळला भोसरी एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, लागल्यावर. हा अल्बम सैतानाचा नाही, कारखान्यातून निघालेल्या पोरांचा आहे.

अल्बम आला सप्टेंबर १९७० मध्ये. बँडमधले चौघंही इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, एकवीस-बावीस वर्षांचे. गायक ऑझी ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केलेलं, गाड्यांचे हॉर्न ट्यून करायचंही केलेलं. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा, कामाचा शेवटचा दिवस. पत्रा दाबायच्या यंत्रावरचा, म्हणजे प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथे उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

प्रेस शॉपमध्ये ज्याने काम केलंय त्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. रोजचा ऑपरेटर रजेवर, हेल्परला म्हणायचं 'आजच्या दिवस बघ', आणि नग तर तेवढेच निघाले पाहिजेत. मी डोळ्यांनी पाहिलेले अपघात असेच झालेत. यंत्राचे धोकादायक भाग झाकलेले असावेत हे आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून लिहिलेलं आहे. तरी एखाद्या शेडमध्ये गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला दिसतो, कारण त्याने काम हळू होतं म्हणे.

म्हणूनच एका वाक्याचा मला मनापासून राग येतो. 'त्याची बोटं तुटली म्हणून हेवी मेटल जन्माला आलं.' कौतुकाने सांगतात लोक हे. बोटं तुटून संगीत येत असतं तर भोसरी आणि चाकणच्या गल्लीगल्लीत बँड उभे राहिले असते. इथे बोट गेलेला पोरगा पट्टी बांधून ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याच्या रांगेत बसतो आणि पुढे वॉचमनची नोकरी शोधतो. अपघाताने आयोमीकडून फक्त घेतलं. दिलं ते त्याच्या चिवटपणाने. आणि हो, त्याच्या फोरमननेही. तो आयोमीच्या घरी जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन गेला. जँगोच्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो पट्टीचा गिटारवादक झाला. असा फोरमन प्रत्येक शॉपला मिळायला हवा.

मग आयोमीने काय केलं? भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्यातून बोटांसाठी टोप्या बनवल्या, त्या घासून घासून मापात आणल्या आणि पकड यावी म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं लावलं. कानस चालवणाऱ्या माणसाला यातली मेहनत लगेच समजते. हे सरळ फिटरचं काम आहे. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून त्याने बँजोच्या पातळ तारा गिटारला चढवल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तारा सैल करून सूरच खाली उतरवला. आज जगभरच्या मेटल बँडना जो जड, खालचा आवाज लागतो, त्याचा एक मोठा धागा इथे सापडतो.

अल्बमला आधी 'वॉर पिग्ज' नाव द्यायचं होतं. नंतर ते बदललं, पण कव्हरवर तलवार-ढाल घेतलेला माणूस तसाच राहिला, म्हणून ते चित्र आजही नावाशी जुळत नाही. 'पॅरनॉइड' हे गाणं तर अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून शेवटी घाईघाईत केलेलं. माझ्या मते अल्बमचा जीव 'वॉर पिग्ज' आणि 'हँड ऑफ डूम' या दोन गाण्यांत आहे. पहिल्यात युद्ध ठरवणारे आणि मरायला जाणारे वेगळे असतात हे तोंडावर सांगितलंय. दुसऱ्यात व्हिएतनामहून नशेची सवय घेऊन परतलेले सैनिक आहेत. शब्द बहुतेक बेस वाजवणाऱ्या गीझर बटलरचे. ही मुलं दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडलेल्या शहरात वाढली होती. यात सैतानाची पूजा कुठे आहे, मला कुणीतरी दाखवावं.

याच अल्बममधलं 'प्लॅनेट कॅरॅव्हॅन' मात्र आईला ऐकवा. संथ, तरंगणारं गाणं आहे, तीही आवाज कमी कर म्हणणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांतून शाहिरी आली, कविता आली. पिंपरी-चिंचवडमध्ये इतकी वर्षं यंत्रं धडधडतायत, तीन पाळ्यांत माणसं झिजतायत, आणि त्या आवाजातून आपलं संगीत अजून उभं राहिलेलं नाही याची मला खंत आहे. गिटार वाजवणारी पोरं इथे भरपूर आहेत, हातही तयार आहेत. त्यांनी नॉर्वेच्या मेटल बँडसारखी तिथल्या जंगलाची नक्कल करण्यापेक्षा भोसरीतल्या लांडेवाडीवर मराठीत लिहावं असं मला कळकळीने वाटतं.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्याच व्हिला पार्कवर मूळ चौघं शेवटचं एकत्र वाजले. चार गाणी, त्यातली तीन याच अल्बममधली. ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला गेला. अजून ऐकला नसेल तर 'हँड ऑफ डूम'पासून सुरुवात करा, शक्यतो मोठ्या स्पीकरवर. मोबाइलच्या स्पीकरवर बटलरचा बेस ऐकूच येत नाही.