सही साहेबांची, पण अधिकार कुणाचा?

अधिकार नसताना सही झालेला टोलचा करार टिकत नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्याखाली निफाडच्या एका वाचकांनी लिहिलंय: "अधिकाऱ्याने सही केली म्हणजे सरकारने शब्द दिला. वीस वर्षांनी तो फिरवायचा, तर रस्त्यात पैसा कोण घालणार? तुम्हाला शिंदे टोलनाक्यावर पैसे द्यायचे नाहीत, एवढंच."

पैसे देताना माझं तोंड वाकडं होतं, कबूल. पण उद्या तलाठ्याने सही-शिक्क्यासकट गायरान तुमच्या नावावर करून दिलं, तर तो सरकारचा शब्द धरायचा का? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाचं तेच झालं. नोएडा प्राधिकरणाने एका कंपनीशी केलेला १९९७ चा करार, निविदा न काढता दिलेला. खर्चावर दरसाल २० टक्के परतावा ठरलेला, आणि वसुली कमी पडली की तूट पुन्हा खर्चातच मिळवायची. मग खर्च फिटणार कधी? वसुली चालू आणि देणं वाढतंच! २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल थांबवला, डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. टोल लावण्याचा अधिकार कंपनीच्या हाती देण्याची मुभा नोएडा प्राधिकरणाला कायद्याने नव्हतीच.

गुंतवणूकदाराची तुमची काळजी मला पटते. करार निरर्थक ठरला तरी त्यातून मिळालेला लाभ परत करण्याची सोय १८७२ च्या करार कायद्यात, कलम ६५ मध्ये आहे. इथे मात्र कंपनीचा खर्च नफ्यासकट केव्हाच वसूल झाल्याचं न्यायालयाला दिसलं. आणि एवढा पैसा घालणाऱ्यांकडे वकिलांची फौज असते हो. समोरच्याला सहीचा अधिकार आहे का, हे त्यांनी नको बघायला?

राष्ट्रीय महामार्गांवर अधिकाऱ्याच्या अधिकाराची मर्यादा २००८ च्या शुल्क नियमांत लिहिलेली आहे. महामार्गाच्या एकाच टप्प्यात, एकाच दिशेला दोन नाक्यांत ६० किलोमीटर हवेत. शहराच्या हद्दीपासून नाका १० किलोमीटर लांब हवा. अधिकाऱ्याला यात सूट देता येते, पण कारणं लेखी नोंदवून. आणि मुख्यतः शहरवासीयांसाठीच बांधलेला रस्ता सोडला, तर हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत नाका कारणं लिहूनही नाही.

घोटी, शिंदे, पिंपळगाव बसवंत, कुठलाही नाका घ्या. सूट दिली असेल तर ती लेखी कारणं माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागता येतात. पिंपळगाव तुम्हाला जवळ. अर्ज तुम्ही करता, की मी करू?