गाडी आठवण म्हणून ठेवू नका

आमची अँबेसिडर पुन्हा रस्त्यावर आल्यापासून गावातले आणि सोयरेधायरे दोनच गोष्टी विचारतात. किती लागले, आणि लग्नाला देता का. दोन्हीची उत्तरं खाली देतो. त्याआधी डोक्यात साचलेलं लिहून काढतो, कारण आपल्या विदर्भात गावोगावी कोणाच्या कोठ्यात, कोणाच्या ढेलजेत, कोणाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये एखादी फियाट, अँबेसिडर नाहीतर जीप ताडपत्रीखाली उभी आहे. घरच्यांना विचारा, सगळीकडे एकच उत्तर: "विकायची नाही, बाबांची आठवण आहे."

माझं म्हणणं असं की उभी गाडी जपली जात नाही, सडते. आठवण ठेवायची तर चालवा. चालवणं होत नसेल तर जो चालवेल त्याला विका, तो निदान तिला तेल-पाणी तरी करेल. ताडपत्री टाकून वर पऱ्हाटीच्या पेंड्या रचणं याला जपणं म्हणत नाहीत.

आमची गाडी मार्क थ्री, १९७७ चं मॉडेल. आमच्या आजोबांनी, आबाजींनी, ती १९८४ मध्ये तालुक्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली, कापसाच्या चुकाऱ्यावर, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशांवर. एकाधिकार खरेदीचे दिवस होते, कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे. कापूस घातला की पैसे एकदम हातात पडत नसत, तुकड्या-तुकड्यांनी येत. त्यातला एक चुकारा सोसायटीत न भरता या गाडीत गेला म्हणून आजी शेवटपर्यंत गाडीला "माही सवत" म्हणायची आणि दर पोळ्याला बैलांच्या आधी तिलाच कुंकू लावायची. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघं आरामात आणि मागे मोजायचेच नाहीत. बाळंतिणी, पेशंट, मार्केटला निघालेली संत्र्याची खोकी, सगळं त्यात गेलं.

आबाजी गेल्यावर बाबांनी चालवली. मग घरात मारुती आली आणि ही कोठ्यात गेली. बंद करायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. बॅटरी उतरली, भरून आणू म्हटलं, ती आणलीच गेली नाही. उभ्या राहिलेल्या बहुतेक गाड्यांची कथा अशीच असणार.

बाहेर काढली तेव्हा जो तो म्हणाला, पावसानं खाल्ली. पण टप आणि बोनट पाहिले तर वरवरचा जंग होता, पत्रा शाबूत. सडली होती ती डिक्की आणि मागच्या सीटखालची फरशी. कारण सांगतो. कोरडी, कुलूप लागणारी जागा म्हणून दर हंगामात डिक्कीत खताची पोती ठेवली जायची. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. हवेतली ओल ओढून घेतं आणि क्लोराइड लोखंडाला सोडत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात ते लालसर खडे अजून होते. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसवून जोडलेत त्या फटीत शिरलेले, आणि नेमकी तिथूनच सगळी पापडी सुटली होती. बोटानं दाबलं की तुकडा हातात. दुसरं, ढोरांचा कोठा. मुताचा अमोनिया तांब्या-पितळेला खातो, त्यामुळे वायरिंगची टोकं सगळी हिरवी झालेली. जी उरली ती उंदरांनी संपवली. म्हणून ज्यांची गाडी आज उभी आहे त्यांनी निदान एवढं करा, खत आणि ढोरं यांच्यापासून तिला लांब न्या. झाकायला प्लास्टिकच्या ताडपत्रीऐवजी सुती कापड घ्या, आत घाम धरणार नाही.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी करायला घेतली की आपल्याकडे पहिला प्रश्न कलरचा. कोणता मारायचा, दोन रंगांत करायची का, अलॉय व्हील बसतील का. आमचे मिस्त्री, ज्यांची हयात अँबेसिडर आणि मेटाडोरखाली गेली, ते म्हणाले, "कलरचं मंग पाहू भाऊ, पयले खाली पाहा." गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि त्यांनी दाराखालच्या पत्र्यात पेचकस टोचला. मुठीपर्यंत आत गेला.

हे समजून घ्या. ट्रकला, जुन्या जीपला वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी खाली कणा असतो. अँबेसिडरला तशी सुटी चासी नाही, फियाट पद्मिनीलाही नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालची ती पोकळ पेटी म्हणजे दागिना नव्हे, सगळा भार ती पेलते. तिच्यात पाणी निचरायला भोकं ठेवलेली असतात, ती आपल्या काळ्या मातीनं बुजतात आणि पेटी आतून सडत जाते, बाहेरून रंग चकाचक. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कलर मारला तर गाडी फोटोत सुंदर दिसेल आणि एखाद्या नाल्याच्या पुलावर दार उघडं पडेल. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तर खिशात छोटं चुंबक ठेवा, कपड्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे, पत्रा नाही.

आम्ही सडका भाग कापून काढला, १८ गेजचा पत्रा वाकवून तुकडे जोडले. हे करताना दारं काढू दिली नाहीत मिस्त्रींनी. दारं लावलेलीच ठेवून एक एक बाजू थोडी थोडी कापायची, नाहीतर सांगाडा मधेच बसतो आणि मग जन्मभर दार धाडकन आपटल्याशिवाय लागत नाही. कंटाळवाणं काम, पाहायला कोणी येत नाही. कलर चालू झाला त्या दिवशी मात्र अर्धं गाव हजर.

इंजिन जाम होतं. यावर गावाचा उपाय ठरलेला आहे, ट्रॅक्टर लावा, गिअरमध्ये टाका आणि ओढा. आमच्या काकाजींनी तर साखळदंडही आणला होता. कृपा करून हे करू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, ओढलं की रिंगा तुटतात, सिलिंडरला चरे पडतात आणि फुकटात सुटणारं काम लेथवर जातं. चारी प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल सोडलं, तसंच राहू दिलं. मधून मधून पुढच्या पुलीला पाना लावून जरा इकडे, जरा तिकडे. जोर करायचा नाही. एका संध्याकाळी पाना केसभर सरकला आणि मिस्त्री काही न बोलता चहाला निघून गेले. १४८९ सीसीचं ते जुनं ब्रिटिश इंजिन, कॉम्प्रेशन बेताचं, सहन करायची ताकद दांडगी. पुढे हँडल मारायची वेळ आली तेव्हा गावातली पोरं पुढे सरसावली. त्यांना एकच सांगणं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला वेढा घालू नका. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट जातं. आबाजींच्या पिढीला हे माहीत होतं, आता यूट्यूब पाहून हँडल मारतात.

इंजिन चालू झालं की लोक पेढे वाटतात. मी म्हणतो पेढे ब्रेक लागल्यावर वाटा. या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या चौघांचं तेलाचं सर्किट एकच. म्हणजे एक होज, तेलाची रबरी नळी, फुटला तर चारी चाकांचे ब्रेक गेले. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्याचं पाणी होतं आणि व्हील सिलिंडर आतून जंगतात. होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो. तिथे "किट टाकून पाहू", म्हणजे फक्त आतली रबरं बदलू, म्हणत काटकसर करू नये, सगळं नवीन टाकावं. सुट्या भागांची चिंता लोक समजतात तेवढी नाही. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी २०१४ पर्यंत निघत होती आणि मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून घेतलेला मूळचा घाट शेवटपर्यंत फारसा बदलला नाही, त्यामुळे बरंच काही एकमेकांना लागतं. नाही मिळालं तर कोलकात्याचा मल्लिक बाजार आहेच.

एक नवीन भानगड आपल्या आजोबांना नव्हती, ती म्हणजे पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्यांचे रबरी पाइप, इंजिनाजवळच्या फ्युएल पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरची पॅकिंग त्यासाठी बनलेली नव्हती, ती फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, गाडी उभी राहिली की ते टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून जंगते. इथेनॉलला माझा विरोध नाही, आपल्या मक्याला-उसाला भाव मिळत असेल तर चांगलंच आहे. पण रबर बदला आणि टाकी भरून गाडी उभी करू नका. थोडं भरा, जाळा, पुन्हा भरा. म्हणजे परत तेच, चालवा.

आता कागद. इथे बहुतेक जण हात टेकतात. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, काका तीन, आत्या दोन. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आणि सगळ्यांच्या सह्या. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, आणि ते दर पाच वर्षांनी. जुनं कागदी आरसी बुक ऑनलाइन दिसत नसेल तर आधी ती नोंद चढवून घ्यावी लागते. फीदेखील वाढली आहे, २० वर्षांपुढच्या कारसाठी २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये, वर पर्यावरण कर वेगळा. सरकारला जुनी गाडी भंगारात गेलेली हवी आहे हे उघड आहे. शहरात रोज पळणाऱ्या धूर ओकणाऱ्या गाडीबाबत ते मला पटतंही. पण महिन्यातून चार वेळा तालुक्याला जाणारी गाडी आणि ती, दोघींना एकच काठी कशाला?

बरेच जण सुचवतात, अजून थोडं थांब, ५० वर्षं झाली की विंटेजमध्ये टाक. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. ऐकायला झकास. पण ती गाडी मग नेहमीच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. म्हणजे पुन्हा ताडपत्री, फक्त सरकारी शिक्क्याची. मला आबाजींचा तीन अक्षरांचा जुना नंबर हवा आहे आणि बाजाराच्या दिवशी डिक्कीत भाजी हवी आहे. भाजी, खत नाही.

तर, किती लागले? सव्वादोन लाखांच्या घरात. निम्म्याहून जास्त पत्रा आणि ब्रेक, कलरला सगळ्यात कमी. मूळचा पांढराच मारला. डाव्या मागच्या मडगार्डला बैलगाडीच्या जुवाचा पोचा आहे, तो तसाच ठेवला, डेंटर अजून नाराज आहे. आमचे जवाई म्हणाले, "इतक्यात बोअर झाली असती ना भाऊ." झाली असती. पाणी लागलं असतं का हा वेगळा प्रश्न. पण त्यांचं चुकीचं नाही. सोसायटीचं थकलेलं असेल, कपाशीवर बोंडअळी असेल, पोरीची फी भरायची असेल तर या भानगडीत पडू नका. गाडीसाठी कर्ज तर मुळीच काढू नका. अशा वेळी विकणं हाच शहाणपणा आहे, आणि त्यात आबाजींचा अपमान नाही. पाच वर्षांनी भंगारवाला किलोनं नेतो, अपमान तेव्हा होतो.

दुसरा प्रश्न लग्नाचा. देतो, पण चालवणार मी. पत्र्याला चिकटपट्टी लावायची नाही, हार दोरीनं बांधा. आणि मे महिन्यात दुपारच्या वरातीला विचारू नका. ४५ डिग्रीत डीजेच्या मागे पावलापावलानं गाडी चालवली की रेडिएटरला हवा लागत नाही, काटा वर चढतो, पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी भर चौकात बंद. मग नवरदेव आत आणि मी फ्युएल पंपावर ओला फडका धरून बाहेर. सकाळची वरात असेल तर बोला. काकाजींच्या नातवाच्या लग्नात हे सगळं सांगूनही मुहूर्त साडेबाराचाच काढला आहे, त्याचं काय करायचं ते पाहतो.

आणि हो, मार्क थ्रीच्या डाव्या पार्किंग लाइटची काच कोणाकडे सुटी पडली असेल तर मेसेज करा. फोटो पाठवा, भाव आधीच सांगा. मार्क फोरची चालणार नाही.