‘चार वायरी लावायला दिवस घालवला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा खोळंबा झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. पीक विम्याचे फॉर्म भरायच्या दिवसांत सेंटरचा कॉम्प्युटर बंद असला की दारात किती लोक खोळंबतात, हे आम्हालाही दिसतं. तुमच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) नवीन कॅबिनेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या डब्यात, बसवून त्याच्या बटणांच्या अन् लाइटच्या वायरी जोडायचं हे काम. पण “नुसत्या चार वायरी लावायला सकाळची संध्याकाळ केली, वरून साडेचारशे घेतले, अन् रिसेटचं बटणही चालत नाही” हे वाचून वाईट वाटलं.

सुटे भाग जोडून असेंबल केलेला कॉम्प्युटर असता तर काम खरंच दहा मिनिटांचं होतं. अशा बहुतेक मदरबोर्डवर इंटेलच्या पद्धतीप्रमाणे 10 जागांत 9 पिना असतात. 1-3 हार्डडिस्कचा लाइट, 2-4 पॉवरचा लाइट, 5-7 रिसेट, 6-8 पॉवर बटण. दहावी जागा मुद्दाम रिकामी, म्हणजे दिशा चुकत नाही. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, एलईडीची उलटी लागली तर तो पेटत नाही, एवढंच.

तुमचा सेट मात्र ऑफिसातून निघालेला ब्रँडेड. त्याच्या बोर्डवर सगळं एकाच प्लगमध्ये, पिनांचा क्रम कंपनीचा स्वतःचा, शेजारी एक अक्षर छापलेलं नाही. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या कॅबिनेटच्या वायरी सगळ्या सुट्या. इथं अंदाजानं लावून बघणं म्हणजे बोर्ड घालवणं, कारण अशा हेडरच्या (वायरी लावायच्या पिनांच्या गटाच्या) एखाद्या पिनेवर 5 व्होल्ट असू शकतात आणि ते थेट ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या जोडणीला) भिडले की बोर्डवरचा ट्रॅक, म्हणजे वीज वाहणारी बारीक पट्टी, जळतो.

जुनं पॅनेल, म्हणजे बटणं-लाइट असलेला पुढचा भाग, हाती असतं तर बटण दाबून मल्टिमीटरवर जोडी लगेच सापडते, एलईडीची प्लस-मायनस त्याच मीटरच्या डायोड मोडवर कळते. पण जुना प्लग तुम्ही कात्रीनं कापून टाकला होता आणि पॅनेल भंगारवाल्याला दिलं होतं. मग स्टँडबायवर (वीज जोडलेली, पण मशीन बंद) एकेका पिनेचं व्होल्टेज मोजा, 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला टेकवा, मशीन कशानं सुरू होते ते बघा, असंच करावं लागतं. त्यात दुपारी लाइन गेली. वरून “काहून एवढा टाइम लागून राहिला?” हे चालूच. मीटरची टोकं पिनेवर धरलेली असताना हात हलला तर नुकसान तुमचंच होतं, भाऊ.

साडेचारशेचा हिशोब बिलावर आहे. कॅबिनेटचा 19 छिद्रांचा यूएसबी 3.0 प्लग तुमच्या बोर्डच्या 9 पिनांवर बसवायचं कन्व्हर्टर 150, जंपर वायर (छोट्या जोडवायरी) आणि त्यावरची स्लीव्ह (नळी) 50, मजुरी 250. रिसेटच्या पिना त्या बोर्डवर नाहीतच, हे काम सुरू करण्याआधी सांगितलं होतं. नवीन कॅबिनेटला बटण आहे म्हणून ते चालेलच असं नसतं.

यापुढे ब्रँडेड सेटचं काम घेताना वेळेचा अंदाज आधी लिहून द्यायचं बघतो. तुम्हीही कॅबिनेट मागवायच्या आधी बोर्डचा फोटो पाठवत जा, अन् जुनं पॅनेल फेकू नका.

जोडलेल्या वायरींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्या काढू नका. उद्या दुसऱ्या कोणी मशीन उघडली तर त्याला पुन्हा पिना शोधत बसावं लागणार नाही. एका स्टारचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.