मातीतली अक्षरे आणि रोजचा हट्ट

रोज एक अक्षर मातीत घडवून त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणारे सिरॅमिक कलाकार मुंबईतही आता दिसू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या कामाचा साचा बहुतेक वेळा '३६ डेज ऑफ टाइप'सारख्या उपक्रमाचा असतो. बार्सिलोनात २०१४ साली सुरू झालेल्या त्या उपक्रमात २६ रोमन अक्षरे आणि १० अंक, रोज एक याप्रमाणे करायचे असतात. संगणकाच्या पडद्यावर काम करणाऱ्याला हे जमते. माती आणि देवनागरी या दोघींनाही ते मानवत नाही, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न क्रमाचा. क, ख, ग हा क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला असल्यामुळे हाताला त्यातून काही शिकायला मिळत नाही. त्याऐवजी 'व' आधी करावा. त्याच्या पोटात मातीची तिरकी वळी बसवली की 'ब' होतो आणि दंडाच्या, म्हणजे उभ्या रेघेच्या, उजवीकडे वळण जोडले की 'क'. त्यानंतर ट, ठ, ढ, द घ्यावेत. 'प' किंवा 'ग' आपल्या दंडावर उभा राहतो, पण 'ठ' शिरोरेषेखाली आखूड मानेने लोंबतो आणि माती ओली असताना ती मान हमखास वाकते. म्हणून अनेक जण अक्षर मातीच्या सपाट फरशीवर आडवे चिकटवून मोकळे होतात. (माझ्या लेखी ती मातीत केलेली छपाईच.)

दुसरा प्रश्न दिवसाचा. उभ्या अक्षराची शिरोरेषा पातळ आणि दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे आधी वाळते, आकसते आणि अजून ओल्या असलेल्या जाड दंडाच्या सांध्यावर तडा देते. त्यामुळे वरचा भाग प्लास्टिकने झाकून सगळे सावकाश वाळू द्यावे लागते, आणि मुंबईच्या जुलैत तर त्याला फारच वेळ लागतो. घाईने भट्टीत घातल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन अक्षर फुटते; पुढे ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतले क्वार्ट्‌झ हे खनिज रूप बदलते, तेव्हा तापमान भरभर चढले वा उतरले तर पुन्हा तड्याची धास्ती असतेच. धारावीच्या कुंभारवाड्यातही घडवण्याचे काम रोज चालले, तरी भट्टी माल साठल्यावरच लागते. तेव्हा रोजचा नियम घडवण्यापुरता ठेवावा, 'पूर्ण' अक्षराचा रोजचा हट्ट सोडावा आणि तडकलेले अक्षरही निःसंकोच दाखवावे.

एक तक्रार मात्र नोंदवतोच. संगणकावरच्या फाँटवरून अक्षर गिरवणाऱ्यांच्या हातून अनेकदा हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' उतरतात. मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावेत, असे राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयातही आहे. शिवाय त्या 'ल'च्या दोन पाकळ्या बोटांनी दाबून वळवण्यात जी मजा आहे, ती केवळ फाँटच्या आळसापायी मराठी कलाकाराने का घालवावी, हे मला कळत नाही.