सरळ रस्त्यावर स्पोर्ट्स कार काय कळणार

आज सकाळी भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. रिकामी धावपट्टी, त्यावर शेजारी शेजारी जर्मन पोर्शे केमॅन आणि फ्रेंच अल्पाइन ए११०, दोन्ही दोन सीटच्या स्पोर्ट्स कार, तीन-दोन-एक, सुटल्या, केमॅन पुढे गेली, व्हिडिओ संपला. खाली ह्याने लिहिलंय, "मामा तुझी अल्पाइन बघ, रेनॉचं इंजिन लावलेलं खेळणं." आणि त्यावर घरातल्या ज्यांना दोन्ही गाड्यांचा रंगसुद्धा सांगता येणार नाही अशांनी पण अंगठे दिलेत. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, ऑफिसला उशीर होत होता म्हणून ठेवून दिलं, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना म्हणून आता जेवून बसलोय लिहायला.

पहिली गोष्ट, त्या व्हिडिओतली केमॅन होती जीटीएस, म्हणजे तिचा जास्त ताकदवान प्रकार, चार लिटर, सहा सिलिंडर, ४०० हॉर्सपॉवर. ए११० ची साधी गाडी २५२ ची. म्हणजे पैलवान आणि खो-खोवाला ह्यांची कुस्ती लावायची आणि मग म्हणायचं खो-खोवाला पडला. साधी ७१८ केमॅन घ्या ना (७१८ हा तिच्या पिढीचा आकडा), दोन लिटर टर्बो, ३०० हॉर्सपॉवर. ती शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला पोचायला कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे मॅन्युअल गिअरमध्ये ५.१ सेकंद घेते आणि अल्पाइन ४.५. पन्नासेक घोडे कमी असून. का? कारण ती साधारण ११०० किलोची आहे आणि केमॅन १३०० च्या पुढे. पण हे आकडे मी रागात लिहितोय, मला मुळात आकड्यांवर भांडायचंच नाहीये. स्पोर्ट्स कार काय हे शंभरला किती सेकंदात पोचली ह्यावरून ठरवायचं असेल तर मग वळणं बांधलीच कशाला जगात?

आता आप्पांची गोष्ट सांगतो. काही जणांनी आधी ऐकली असेल, परत ऐका.

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं, त्यातली बरीचशी कोल्हापूर-रत्नागिरी, म्हणजे रोजचा आंबा घाट. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते आमच्याकडे जर्मनीत कार्ल्सरूहला दोन महिने राहायला आले होते. एका शनिवारी ऑफिसातल्या सहकाऱ्याने त्याची केमॅन दिली, तीच ३०० वाली, त्याने हौसेने २० इंची चाकं घातलेली. पुढच्या शनिवारी मी एका दिवसासाठी ए११० भाड्याने घेतली. दोन्ही वेळा रस्ता एकच, ब्लॅक फॉरेस्ट ह्या डोंगराळ जंगलातला बी ५०० हायवे, बाडेन-बाडेनहून वर चढायचं, मुम्मेलझे तळ्यापाशी चहा, मग रूहश्टाइन, क्निबिस आणि खाली फ्रॉयडनश्टाट. साठेक किलोमीटर नुसता घाट आणि जंगल. दोन्ही वेळा शेजारी आप्पा.

घाटात दुसऱ्याच्या शेजारी बसलेला जुना ड्रायव्हर कधी बघितलाय? त्याचा उजवा पाय बघायचा. समोर ब्रेकचं पेडल नसतं तरी प्रत्येक वळणाआधी तो पाय फ्लोअरवर दाबला जातो. केमॅनमध्ये आप्पांचा पाय सबंध रस्ताभर दाबत होता. मी जोरात चालवत नव्हतो, तिथे बऱ्याच ठिकाणी ७० चीच लिमिट आहे. गाडी अजिबात घसरली नाही, डगमगली नाही, स्टीअरिंग इतकं नेमकं की मनात आणावं आणि चाक तिथे असावं. पण रस्त्याला ठिगळं लावलेली जागा आली की गाडी ताठ व्हायची आणि आप्पांचा पाय खाली जायचा. तळ्यापाशी उतरल्यावर म्हणाले, "घट्ट हाय गाडी. पर लय ताठ."

पुढच्या शनिवारी अल्पाइन. तीच ठिगळं, तीच वळणं, आणि वेग माझा थोडा जास्तच असेल. बाडेन-बाडेन सुटल्यावर पहिल्या चार-पाच वळणांना पाय दाबला गेला, मग कमी झाला, आणि तळ्याच्या अलीकडे मी बघितलं तर पाय मोकळा, घोट्यावर घोटा टाकलेला. रूहश्टाइनपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पन्नास पाशिंजर भरल्यावर गाडी कशी रस्त्यावर बसती, तशी बसलीया ही." आणि जरा वेळाने, "पर हलकी वाटती की रं. हलकी असून बसती कशी?"

एसटी चालवलेल्या माणसालाच हा प्रश्न पडू शकतो. रिकामी बस पाट्यांच्या स्प्रिंगवर उडते, भरली की शांत होते, कारण स्प्रिंगा भरलेल्या बससाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या हिशोबात बसणारी गाडी म्हणजे जड गाडी. आणि इथे हलकी असून बसलीय!

तर त्याचं उत्तर मी त्यांना क्निबिसच्या पार्किंगमध्ये कागदावर काढून दाखवलं. केमॅनला चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाक धरायला हात फक्त खाली, वर नुसता शॉक अब्सॉर्बर. चांगली, मजबूत, सुटसुटीत पद्धत, पण गाडी वळणात कलली की टायरही तिच्याबरोबर बाहेर कलतो आणि कडेवर चालायला लागतो. मग त्यावर उपाय काय, गाडी कलूच द्यायची नाही, म्हणजे स्प्रिंग कडक, अँटिरोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) कडक. अल्पाइनला चारही चाकांना डबल विशबोन. एक हात वर, एक हात खाली, त्यामुळे बॉडी कलली तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट राहतो. मग कलू दे की! स्प्रिंग मऊ ठेवता येते, बार बारीक ठेवता येतो, आणि गाडी मुळात हलकी असल्यामुळे सांभाळायला वजनच कमी. खड्ड्यात सस्पेन्शन पार तळाला गेलं तर शेवटी धाडकन आपटू नये म्हणून तिथे हायड्रॉलिक स्टॉप आहेत. म्हणून ती कलते, पण घाबरवत नाही. उलट ती किती कललीय ह्यावरून अजून किती ग्रिप शिल्लक आहे ते पाठीला कळतं. केमॅनमध्ये ग्रिप जास्तच असेल, पण त्या ग्रिपच्या कडेला पोचायला जो वेग लागतो तो रस्त्यावर काढला तर लायसन्स जाईल.

मॅक्लारेन एफ१ ही नव्वदच्या दशकातली सुपरकार ज्यांनी डिझाइन केली त्या गॉर्डन मरेंनी स्वतःसाठी ए११० घेतली आणि तिच्या राइड-हँडलिंगचं जाहीर कौतुक केलं. त्यांना परवडत नव्हतं म्हणून घेतली का?

बरं, मान्य करतो. केमॅनला मॅन्युअल गिअर मिळायचा आणि तो गिअर म्हणजे लोण्यातून सुरी. अल्पाइनला मॅन्युअल नाहीच, सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे ऑटोमॅटिकच, आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं. ग्लव्ह बॉक्स नाही. आतलं प्लास्टिक पोर्शेपुढे गरीब दिसतं. सहा सिलिंडरच्या आवाजाला तर तोडच नाही. इंजिन रेनॉचं आहे, हो, रेनॉच्याच मेगान आरएस ह्या गाडीतही तेच १.८ लिटरचं होतं. मग?

आणि ते "खेळणं" म्हणणं मला जास्त लागलंय. झाँ रेदेले नावाचा माणूस, फ्रान्समधल्या दिएप गावचा, रेनॉच्या छोट्याशा ४सीव्हीमधून आल्प्सच्या घाटात रेस करायचा, तिथे त्याला जी मजा आली त्यावरून त्याने कंपनीचं नाव अल्पाइन ठेवलं. म्हणजे नावच घाटावरून पडलंय. १९६२ च्या मूळ ए११० ने १९७१ आणि १९७३ ची मोंते कार्लो रॅली जिंकली, आणि १९७३ मध्ये कंपन्यांसाठीची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप पहिल्यांदा झाली ती पण अल्पाइनने नेली. बर्फात, घाटात, आणि समोर पोर्शे ९११ सुद्धा होत्या. नवी ए११० पण त्याच दिएपमध्ये बनवलेली. आणि ह्याला आपण खेळणं म्हणायचं?

डिझाइनचंही तेच. लोक म्हणतात जुन्याची नक्कल आहे. चार दिवे, बॉनेटवरचा मधला कणा, मागची वळलेली काच, हे जुन्यावरून घेतलंय, बरोबर आहे. पण मागे पंख नाहीये हे बघितलंत का? खालचा तळ सपाट ठेवलाय आणि मागे डिफ्यूझर (खालची हवा मागे सोडणारा चढता भाग), गाडी हवेने दाबायचं काम पोटाखालून होतं म्हणून पाठ स्वच्छ राहिली. केमॅन देखणीच आहे, तिचं प्रमाण बिघडवायला कोणाला जमणार नाही, पण ती ४.३८ मीटर लांब आणि अल्पाइन ४.१८. वीस सेंटिमीटर. घाटातल्या आवळ वळणात त्या वीस सेंटिमीटरचा किती आधार वाटतो ते विचारा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाचा १९ वर्षांचा आहे, दोन्हींपैकी एकाही गाडीत बसलेला नाही, त्याच्यापर्यंत गाड्या पोचतात त्या मोबाइलवरच, आणि तिथे सरळ रस्ताच दाखवायला सोपा. त्याची काय चूक. मी त्याच्या वयात टॉप स्पीड पाठ करायचो.

पण एक गोष्ट खुपते ती खुपतेच. युरोपात नेहमीच्या पेट्रोल ७१८ ची विक्री २०२४ मध्ये सायबरसुरक्षेच्या नवीन नियमामुळे बंद झाली. पेट्रोल अल्पाइनचे पण दिवस भरत आलेत. दोघींच्या जागी इलेक्ट्रिक आणायचं कंपन्यांनी जाहीर केलं होतं. इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही, हवा सगळ्यांनाच लागते, पण बॅटरीचं वजन आलं की परत कडक स्प्रिंग, परत रुंद टायर, परत शंभरला किती सेकंद हाच हिशोब. म्हणजे आज ज्या दोन गाड्यांवरून आपण भांडतोय त्या दोन्ही चालल्यात, आणि त्यातली हरलेली कोण हे एका धावपट्टीवरून ठरवून मोकळे झालोत.

संध्याकाळी आप्पांना फोन केला होता. तो व्हिडिओ त्यांनाही ग्रुपवर दिसलेला. म्हणाले, "बघितला. घाट कुठं हाय त्यात?" मग गुडघ्याचं बोलणं निघालं, जिना चढताना दुखतो म्हणाले. अल्पाइनमध्ये उतरायला-बसायला पार खाली वाकावं लागतं, तेव्हाही त्यांना मी हात दिला होता.

मे महिन्यात ते परत येणार आहेत, तिकीट झालंय. भाच्या, तुझ्या कॉलेजला तेव्हा सुट्टी असते. व्हिसाचं मी बघतो, तू ये. ए११० दोन दिवसांसाठी सांगून ठेवलीय. सीट दोनच आहेत, त्यामुळे मुम्मेलझेपर्यंत आप्पा बसतील आणि तिथून पुढे तू. मी मागून आपल्या घरच्या गाडीतून येतो, ए११० चालवायला आमच्या सहकाऱ्याला बसवतो, केमॅनवाल्याला. तू फक्त वर जाताना आप्पांच्या पायाकडे लक्ष ठेवायला त्याला सांग.