गोठवलेलं भाडं आणि टेकूवरचा जिना

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा चुलतभावाने लिहिलं, "अंधेरीत वन बीएचके परवडत नाही. पागडीवाल्यांसारखी सगळ्यांचीच भाडी सरकारने गोठवावीत." पागडीवाले म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम देऊन जुन्या, नाममात्र भाड्यात राहणारे भाडेकरू. त्याची तगमग कळते, पण हे औषध मी मुंबई आणि बर्लिन, दोन्ही शहरांत पाहिलंय.

मी बर्लिनमध्ये भाड्याने राहतो. फेब्रुवारी 2020 मध्ये इथल्या सरकारने बहुतेक घरांची भाडी जून 2019 च्या पातळीवर गोठवली. ज्यांच्या हातात करार होता ते सुखावले. घर शोधणाऱ्यांसाठी मात्र जाहिराती आटल्या. एप्रिल 2021 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण तो करायचा अधिकार बर्लिन राज्याला नव्हताच.

मुंबईत हेच पाऊण शतक चाललंय. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाण धरलं. तेव्हाची टंचाई आणि फाळणीनंतर आलेले लोंढे पाहता ते समजण्यासारखं होतं. पण तात्पुरता कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिला. गिरगावात आमच्या दोन खोल्यांचं भाडं दुधाच्या बिलापेक्षा कमी होतं आणि जिना टेकूवर उभा होता. पावसाळ्यात बाबा रात्री उठून भिंतीच्या भेगा बघायचे. मालक म्हणायचे, "एवढ्या भाड्यात रंगसुद्धा निघत नाही." तेव्हा मला ते कंजूष वाटायचे. आज हिशेब मांडला, तर खरं तेच बोलत होते. मालक दुरुस्ती करेनात म्हणून 1969 मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं, उपकर लावला. एका नियमाने केलेली जखम दुसऱ्या नियमाने बांधायची! 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्याच तुटपुंज्या भाड्यावर.

या धास्तीतूनच 11 महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार रुजले, म्हणजे राहायची फक्त परवानगी, भाडेकरूचे हक्क नाहीत. मालकाला भीती एकच, भाडेकरू बसला तर उठणार नाही.

बाजाराची बाजू घेणाऱ्यांनीही बर्लिनकडून एक शिकावं. माझ्या कराराला मुदतच नाही. कायद्याने मान्य केलेल्या कारणाशिवाय मला काढता येत नाही. भाडं मात्र वाढतं, आसपासच्या भाड्यांशी तुलना करून, बर्लिनमध्ये तीन वर्षांत जास्तीत जास्त 15 टक्के. भाडेकरूला स्थैर्य, मालकाला दुरुस्तीपुरता पैसा.

चुलतभावाचा करार दिवाळीत संपतोय. त्याला हवीय चार-पाच वर्षांची खात्री आणि आधी ठरलेली वाढ. मालक ती देईलही, पण करार संपल्यावर घर परत मिळवायला कोर्टात वर्षं जाणार नाहीत, एवढा भरवसा आधी त्याला मिळायला हवा.